फुगलेल्या बॅटरीचं टेबल

बॅटरीच्या टेबलावर माझ्या दादाला बसवायचं की नाही, हे त्या दुपारी ठरणार होतं, आणि मला तोंड उघडायची बंदी होती. मला! वर्गात बाई एक प्रश्न विचारतात तेव्हा मी दोन उत्तरं देते.

"तोंडच काय, हातसुद्धा नाही," काटाकाकूंनी बजावलं. "खुणा करताना दिसलीस तर परीक्षा रद्द."

काटाकाकू म्हणजे दादाच्या कारखान्याच्या मुकादम. चाकांच्या खुर्चीत बसून अख्खा कारखाना हाकतात आणि वजनकाट्याला दुसऱ्या कुणाला शिवू देत नाहीत, म्हणून हे नाव. इथे बंद पडलेले फोन आणि कॉम्प्युटर पोत्यांनी येतात. तांबं, पत्रा, प्लास्टिक वेगवेगळं होऊन बाहेर जातं. इथल्या प्रत्येकात काही ना काही कमी आहे म्हणे. पोपटच्या मते त्याचा फक्त पगार कमी आहे. पोपट पायाने लंगडतो, जिभेने मात्र धावतो.

दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. इतके दिवस तो नुसत्या केबली सोलत होता आणि जाम वैतागला होता. "हे माकडालाही जमेल," असं रोज जेवताना हातांनी म्हणायचा आणि त्या भरात पाण्याचा पेला लवंडायचा. त्याला बॅटरीचं टेबल हवं होतं. जुन्या टॅबलेटमधल्या बॅटऱ्या कधीकधी उशीसारख्या टम्म फुगतात. त्या अलगद सोडवाव्या लागतात. वाकली, टोचली, की पेटलीच.

काकू मात्र नको म्हणत होत्या, आणि तेही काही उगाच नव्हतं.

"पेटायच्या आधी ती फुस्स करते," त्या हातांनी आणि तोंडाने एकदमच बोलत होत्या. "तेवढाच काय तो वेळ मिळतो. तुला ते ऐकू येणार नाही. उद्या भाजलास तर तुझ्या आईला कुठल्या तोंडाने सांगू?"

दादाने नाक फेंदारलं. "फुस्स व्हायच्या आधी ती गरम होते. माझे हात बहिरे नाहीत."

"बघू."

त्याच्यासमोर एक फुगलेला टॅबलेट ठेवला. उजवीकडे वाळूची बादली. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, हात मांडीखाली दाबून. दादाने गरम हवा देऊन गोंद मऊ केला, प्लास्टिकची पातळ पट्टी आत सरकवली. एक कडा सुटली. दर थोड्या वेळाने तो बॅटरीवर तळहात टेकवत होता, आई आमच्या कपाळावर टेकवते तसा. दुसरी कडा सुटली. तिसरी सोडवायला त्याने टॅबलेट हातात उचलून धरला.

आणि फुस्सऽऽ!

मी ऐकलं. अगदी स्पष्ट. काकूंचीही मान ताठ झाली. दादा मात्र शांतपणे पट्टी पुढे सरकवतोय!

या कारखान्यात कुणाला मागून हात लावत नाहीत, कारण त्याच्या हातात काय धारदार असेल सांगता येत नाही. हाक मारायची तर टेबलावर थाप मारायची; ती लाकडातून मनगटात पोचते. एक थाप म्हणजे इकडे बघ. दोन म्हणजे हातातलं टाक आणि मागे हो.

मी दोन मारल्या. दाणदाण.

दादाने नियम पाळला. हातातलं टाकलं आणि मागे झाला. सुटत आलेली बॅटरी टॅबलेटसकट टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटली, मुडपली आणि उसळून टेबलाच्या मधोमध पडली.

मागून पोपटचा आवाज आला, "अगं, मी होतो! कीबोर्डवरची धूळ उडवत होतो." त्याच्या हातात हवेचा पाइप होता. फुस्स त्याचं होतं.

दादाने माझ्याकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. ती नजर! त्यापेक्षा थोबाडीत परवडली असती.

पण त्याने भांडण नंतरसाठी ठेवलं. पुढे झाला, मुडपलेल्या बॅटरीवर तळहात धरला आणि झटकन मागे घेतला.

"मागे हो!" काकू ओरडल्या, हातही हलवले. त्याचं लक्षच नव्हतं. त्याने उरलेला गोंद पट्टीने एका झटक्यात तोडला, बॅटरी पट्टीवर उचलली, बादलीत सोडली आणि ओंजळीओंजळीने वर वाळू लोटली.

कुणी हललं नाही. वाळू तशीच.

"थंड आहे की," पोपट कुजबुजला. "उगाच..."

तेव्हा ती बोलली. फुस्सऽऽ, लांबलचक, आणि वाळूतून पांढरा धूर वर आला. पोपटने दार सताड उघडलं. काकूंनी मला दंडाला धरून ओढत बाहेर नेलं, खुर्चीचं चाक माझ्या पायावरून गेलं तरी मी हूं की चूं केलं नाही.

धूर निवल्यावर काकूंनी दादाचे दोन्ही हात उलटेसुलटे करून तपासले. मग ते सोडले आणि बोलल्या, "मी मागे हो म्हटलं, तर तू पुढे गेलास."

"तुमच्याकडे बघायला वेळ नव्हता."

"हेच ते! हीच भीती आहे मला." काकूंनी खुर्ची पुढे घेऊन बादलीत डोकावून पाहिलं. मी बोलणार होते की चूक माझी आहे, तर त्यांनी बोट दाखवून मला गप्प केलं. "माहीत आहे. सगळ्यांनी बघितलंय." मग दादाकडे वळून, "टेबल तुझं. पण एकट्याचं नाही. माझा काटा उद्यापासून तुझ्या शेजारी. मी सांगेन तेव्हा मान वर करायची, हातात काहीही असो."

"काटा हलणार?" पोपटने कपाळाला हात लावला. "आता कारखाना बुडणार!"

दादाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. पाठ वळवून, हात छातीशी लपवत त्याने मला खुणा केल्या, "आता काकू दिवसभर बडबडून माझं डोकं खाणार."

"कोपरं दिसतायत रे तुझी," काकू म्हणाल्या. "आणि ही तुझी बहीण दाराबाहेर बसेल. हिचे कान फार उतावळे."