खडा नसलेल्यांचे खडे

टण्ण!

पितळी ताटात खडा पडला आणि शेडमधल्या दोनशे माणसांनी धरून ठेवलेला श्वास एकदम सोडला. चितेगावच्या अलीकडं, पैठण रस्त्यापासून जरा आत, पत्र्याच्या शेडमध्ये दर गुरुवारी हा खेळ चालायचा. खडेश्वर महाराज रोग्याच्या पोटावर तांब्याची नळी टेकवायचे, नळीला तोंड लावायचे, डोळे फिरवायचे आणि मुतखडा ओढून काढायचे. चीर नाही, टाका नाही. खडा लाल थुंकीसकट ताटात पडला की पुढच्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. "रगत बघ गं माय, रगत!"

"आडवा बसला व्हता हरामी!" महाराज गरजले. "मी म्हणलं, निघ. तर म्हणतो, नाय निघत, मी इथला जुना भाडेकरू. मी म्हणलं, देवीच्या घरात भाडेकरू नसतो, लेका. उचल बोचकं!"

लोक हसले. कुणी जयजयकार केला. आणखी दोन वेळा टण्ण झालं. तीन खडे.

सतरंजीवर आडवी होती ती माझी धाकटी बहीण आक्काबाई. सकाळी दहा वाजता ती आमच्या दवाखान्यात पलंगावर होती. साडेअकराला इथं. तिचा मुलगा गोकुळ कंपनीचा टेम्पो चालवतो, त्यानंच तिला उचलून आणलं होतं. रिकामा पलंग बघून मी रिक्षानं मागं आलो, पण उशीर झाला होता.

आक्काबाई उठून बसली. कमरेवर हात फिरवला. "दादा," ती म्हणाली, "कळ गेली रे! पार गेली."

आता मी कोण ते सांगतो. मी सांडू. मूळचा सोयगावकडचा, मेंढरं राखणाऱ्यांतला. शहरात येऊन शिकाऊ डॉक्टरांच्या एका मोठ्या दवाखान्यात शिपाई झालो. अक्षरं बावन्नाव्या वर्षी शिकलो, रात्रीच्या वर्गात. निवृत्तीनंतर दिपाली डॉक्टरांनी मला परत बोलावलं. त्यांचा मुतखड्याच्या रोग्यांवर अभ्यास चालू होता. शस्त्रक्रियेचा विभाग, औषधांचा विभाग आणि सोनोग्राफीवाले असे तिघं मिळून तो करत होते. या तीन विभागांचं चहाच्या वेळेवरही कधी जुळलं नव्हतं, तेव्हा अभ्यास जुळला हाच खरा चमत्कार. माझं काम रोग्यांना संमतीपत्रक वाचून दाखवायचं. शिकलेली पोरं ते गाडीसारखं पळवतात. मी एकेक शब्द लावत वाचतो, त्यामुळं रोग्याला कळतं.

त्या अभ्यासाच्या फॉर्मवर एक रकाना होता: आधी उपचार कुठं घेतले? त्रेसष्ट रोग्यांपैकी अडतीस जणांच्या रकान्यात मी माझ्या हातानं एकच नाव लिहिलं होतं. चितेगाव. त्या अडतिसांच्याही पोटातून महाराजांनी खडे काढले होते, आणि सोनोग्राफीत खडे जागच्या जागी होते.

पण माझी बहीण त्रेसष्टातली एक नव्हती. ती माझी बहीण होती. तिचं एक मूत्रपिंड लहानपणापासून सुकलेलं. दुसऱ्याच्या वाटेत खडा अडकलेला. मंगळवारी दुर्बिणीनं तो काढायचा ठरलं होतं.

"मामा, आता आम्ही नाय येत तुमच्या दवाखान्यात," गोकुळ म्हणाला. "खडा निघाला. हे बघा." रुमालात तीन खडे बांधलेले.

"अरे, तिला दहा वाजता दुखणं थांबायची सुई दिली होती. साडेअकराला ती लागू पडली. नाव महाराजांचं झालं."

"तुम्ही दवाखान्याचं मीठ खाल्लंय, तुम्ही असंच म्हणणार."

सोमवार आला तरी तिला कळ नव्हती. सुईचा असर तर केव्हाच संपला होता. मी दिपाली डॉक्टरांना विचारलं, असं कसं?

"मामा, खडा सरकताना कळ येते. एका जागी रुतून बसला की कळ थांबू शकते. बाजूनं थोडी लघवी झिरपते, माणसाला वाटतं बरं झालं. आत मूत्रपिंड फुगत जातं. त्यांना एकच आहे. ते गेलं तर जन्मभर मशीनवर रक्त धुवावं लागेल."

हे सगळं मी आक्काबाईला सांगितलं. ती म्हणाली, "दुखत नाय त्याला दुखतं म्हणू का?" मंगळवार गेला. शस्त्रक्रियेच्या यादीतलं तिचं नाव खोडलं गेलं. बुधवारी दिपाली डॉक्टर स्वतः माझ्यासोबत तिच्या घरी आल्या. अडतीस जणांची गोष्ट सांगितली.

गोकुळनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्याडम, एक विचारू? महाराजांकडं बरे झाले ते तुमच्याकडं कशाला येतील? ज्यांचं काम झालं नाय तेवढेच तुमच्या फॉर्मवर येणार. बरे झालेले तुम्हाला दिसलेच नाय."

मला वाटलं डॉक्टर चिडतील. त्या खूश झाल्या. "बरोबर बोललास. अगदी हाच दोष आहे माझ्या आकड्यांत. मोठ्या डॉक्टरांनी अजून काढला नव्हता." मग त्यांनीच विचारलं. "बरं, दुसरं सांग. महाराज खडा असलेल्याचा खडा काढतात. खडा नसलेल्याचं काय करतात?"

"काय करतील? नाय म्हणून सांगतील. त्यांना आतलं दिसतं."

"मग बघायचं का?"

गोकुळ तावातावानं म्हणाला, "बघूच! मीच जातो. मला काय खडाबिडा नाय. महाराजांनी मला हात लावून परत पाठवलं, तर तुम्ही माझ्या आईचं नाव काढायचं नाय."

"आणि खडा काढला तर?"

गोकुळ आईकडं बघत राहिला. "तर ती तुमची."

मी विचारलं, हे तुमच्या अभ्यासात धरणार का? डॉक्टर म्हणाल्या, "छे! त्याला समितीची परवानगी लागेल, महाराजांची लेखी संमती लागेल, तीही तीन प्रतींत. तोवर महाराज समाधी घेतील. आपण आपलं घरचं म्हणून जाऊ."

दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. सकाळी तिघांची सोनोग्राफी झाली: गोकुळ, मी आणि वॉर्डातल्या मनकर्णाबाई. मनकर्णाबाई पंचवीस वर्षं तिथं झाडूपोछा करतात आणि डीनसाहेबांनाही ओल्या फरशीवरून जाऊ देत नाहीत. तिघांच्याही पोटात खडा नाही, तसं तिघांच्या कागदावर लिहिलं गेलं. कागद पाकिटात घालून गोकुळच्याच खिशात ठेवले, म्हणजे आम्ही बदलले असं व्हायला नको.

शेडच्या दारात सुदर्शन नावाचा चेला बसला होता. तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी: "किती दिसापासून दुखतंय?" उत्तर ऐकून ताटातून देवीचा विडा उचलायचा आणि रोग्याच्या हाती द्यायचा. रोग्यानं तो महाराजांना अर्पण करायचा, महाराजांनी तोंडात घालायचा, मग नळी. मोकळ्या हातानं गेलं तर देवी येत नाही, म्हणे.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "दोन वर्सं झाली बघ, बाबा." गोकुळ म्हणाला, "चार दिवस." मी म्हणालो, "वीस वर्षं."

विडे हातात आले. आणि मी मोजलं. अक्षरं उशिरा आली, पण मोजणी माझी लहानपणापासूनची. कोंडताना मेंढरं मोजली नाहीत तर भाकर मिळायची नाही. गोकुळच्या विड्याला एक लवंग टोचलेली. मनकर्णाबाईंच्या दोन. माझ्या तीन. मी हळूच डॉक्टरांना सांगितलं. त्या साधी साडी नेसून गर्दीत बसल्या होत्या.

मनकर्णाबाई आडव्या झाल्या. "पोट हाय का गोडाऊन, माय?" महाराज म्हणाले, आणि लोक हसले. टण्ण. टण्ण. दोन खडे.

माझी पाळी. महाराजांनी विडा चघळला, गालात सारला, नळीला तोंड लावलं. पोटावर थंडगार तांबं, दुसरं काहीच नाही. "लई जुनाट! निजामाच्या राज्यातला दिसतो! उर्दूत बोलू लागला बघा माझ्याशी!" टण्ण. टण्ण. टण्ण.

मग गोकुळ. त्यानं आधी हात जोडले. "महाराज, नीट बघून सांगा. माझ्या पोटात खडा हाय का?"

तो मनापासून विचारत होता. मला त्याचा चेहरा बघवेना. महाराजांनी क्षणभरही विचार केला नाही. "हाय म्हंजे! हरभऱ्याएवढा! बापाच्या खाल्ल्या मिठाचा!" विडा तोंडात गेला. टण्ण. एक खडा.

गोकुळ सतरंजीवरून उठला नाही. तिथंच बसून त्यानं पाकीट काढलं, फाडलं, कागद वाचला. मग ताटातला खडा उचलला, खिशातून आईचा रुमाल काढला, गाठ सोडली आणि चारी खडे तळहातावर शेजारी ठेवले. एकाच खडीच्या ढिगातले वाटत होते.

"म्याडम," तो एवढंच म्हणाला.

दिपाली डॉक्टर पुढं आल्या. "महाराज, पुढचे हे वैजापूरचे काका. दहा वर्षं दुखतंय म्हणतात, हातात तीन लवंगांचा विडा आहे. तेवढा बदलून एका लवंगेचा घ्या, आणि मग तीन खडे काढून दाखवा."

"कोण गं तू? देवीची परीक्षा बघती?"

"देवीची नाही. विड्याची."

"विड्याला हात लावला तर रगत ओकशील!"

"अगं बाई, पंचवीस वर्सं दुसऱ्यांचंच रगत पुसतेय मी," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि वैजापूरच्या काकांच्या हातातला विडा घेऊन तीन लवंगा उपटल्या. पान उलगडलं. कात, चुना आणि सुपारीच्या जागी तीन खडे. त्यांनी चेल्याच्या ताटातला दुसरा उलगडला. दोन लवंगा, दोन खडे. तिसऱ्यात एक.

सगळं एवढंच होतं. चेला दुखण्याचं वय विचारणार, त्या मानानं लवंगांचा विडा देणार. लवंगा बाहेर, तेवढे खडे आत. महाराज विडा चघळणार, खडे गालात धरणार, नळी ओढल्याचं सोंग करून एकेक थुंकणार. आणि बाया ज्याला रक्त म्हणून डोळे पुसत होत्या, तो पानाचा रंग होता.

गर्दीतला एकजण म्हणाला, "चूक चेल्याची असंल. महाराजांना काय ठाऊक?" एक म्हातारी म्हणाली, "त्यातला एक खडा द्या गं, देवघरात ठेवते." पाचसहा जण तरी रांगेतून हलले नाहीत, नंबर जाईल म्हणून. सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. वैजापूरचे काका मात्र डॉक्टरांना विचारत होते, "तुमचा दवाखाना कुठल्या रस्त्याला?" महाराज कलियुगाला शिव्या देत मागच्या पत्र्यातून निसटले. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. त्याच दिवशी गोकुळनं पोलिसांत तक्रार लिहून दिली.

पण खरी गोष्ट घरी व्हायची होती. गोकुळनं आईपुढं चार खडे ठेवले.

"आई, ह्यातला तुझा कंचा अन् माझा कंचा, वळखू येतो का?"

तिनं एकेक हातात घेतला. "तुझ्या पोटात कुठं खडा व्हता?"

"नव्हता. तरी निघाला."

आक्काबाईचा हात कमरेवर गेला, जिथं आठ दिवसांत कळ आली नव्हती तिथंच. "म्हंजे माझा आतच हाय," ती म्हणाली. "दादा, रिक्षा बघ."

त्याच संध्याकाळी तिला दुर्बिणीच्या खोलीत घेतलं. आधी मी तिला संमतीपत्रक वाचून दाखवलं, नेहमीसारखंच सावकाश. धोक्यांचं कलम आलं तेव्हा तिनं ते दोनदा वाचायला लावलं. खडा निघाला. मूत्रपिंड वाचलं, पण पूर्ण नाही. आठ दिवसांत जे बिघडलं त्यातलं थोडं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या आठ दिवसांत आम्हाला वाटत होतं ती बरी आहे.

दुसऱ्या दिवशी दिपाली डॉक्टरांनी डबीत घालून खडा दाखवला. तपकिरी, काटेरी. आक्काबाईनं तो बघितला आणि विचारलं, "म्याडम, राग नका मानू. पण हा माझ्याच पोटातला कशावरून?"

वॉर्डातले सगळे शिकाऊ डॉक्टर थांबले. मला लाज वाटली. दिपाली डॉक्टर मात्र हसल्या, खुर्ची ओढून बसल्या, आणि तिच्या पोटाचे दोन एक्स-रे उजेडाला धरले. "हा आधीचा. इथं पांढरा ठिपका दिसतो? हा आजचा. शोधा ठिपका."

आक्काबाईनं बोट फिरवत शोधला. नव्हता. "आन् ही पांढरी दोरी कशाची?"

"ती नळी आम्ही ठेवलीय, वाट मोकळी राहावी म्हणून. तीन आठवड्यांनी काढायची."

"तसं लिहून द्या. दादाला वाचता येतं."

डॉक्टरांनी लिहून दिलं.

माणसानं एवढंच शिकावं असं मला या वयात वाटतं. प्रश्न बाबालाही विचारावा आणि डॉक्टरलाही. जो आधीचं आणि नंतरचं दोन्ही दाखवतो त्याच्यावर भरवसा ठेवावा. जो शाप देतो त्याच्यापुढून उठून यावं. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा: ज्याला हा रोगच नाही, त्याच्यावर करून बघितलंत का? आणि उत्तर मिळेपर्यंत आपलं माणूस पलंगावरून हलवू नका.