तळ्यातली ताटली

माणसानं रिटायर व्हावं, पण रिकामं बसू नये. आणि बसलाच, तर हातात मोबाईल तरी घेऊ नये. पलूसच्या सुभेदार आप्पासोंनी दोन्ही पथ्यं एकदमच मोडली. पलटणीत अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तुकडीत काढलेला माणूस. डोंगरमाथ्यावर जवानांना पाणी पाजलं, हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे. घरी आल्यावर पाणी पाजायला कुणी उरलं नाही, म्हशीसुद्धा विकलेल्या. मग मोबाईलवर त्यांना एक गोरा दिसला. त्याच्या घरामागं तळं होतं, तळ्यात मासे होते आणि पाणी इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. आप्पासो पेटले.

जानेवारीत त्यांनी परसात बारा बाय आठचा खड्डा काढला, कमरेएवढा खोल. त्यात शेततळ्याचा काळा कागद अंथरला, बोअरचं पाणी सोडलं, सांगलीहून आठ सोनेरी मासे आणि दोन कमळाचे गड्डे आणले. मार्चपर्यंत पाण्याचा रंग असा झाला की मासे आहेत हे निव्वळ विश्वासावर मानायचं. खायला टाकलं की हिरव्या पाण्यातून आठ तोंडं वर यायची, मग परत सगळं गुडूप.

आता ती जागा काही मोकळी पडलेली नव्हती. गल्लीतल्या बाया श्रावणात दर पंचमीला त्याच परसात फुगड्या घालायच्या, बनुबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून. बनुबाई म्हणजे सुभेदारांच्या मंडळी. त्यांनी दोन महिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. नवरा इतकी वर्षं घराबाहेर राहिला, आता घरात रमतोय तर रमू दे, असा त्यांचा मोठा विचार. पण पाण्याला वास सुटला तसा मोठा विचार आटोपला. त्या स्वयंपाकघरात गेल्या, स्टुलावर चढल्या, फळीवरच्या लोणच्याच्या बरणीवर वर्षानुवर्षं झाकण म्हणून पडलेली स्टीलची ताटली उचलली, बाहेर आल्या आणि सरळ तळ्यात भिरकावली. ताटली दिसेनाशी व्हायला अर्धा सेकंदसुद्धा लागला नाही.

"माझं नाव कोरलंय तिच्यावर," त्या म्हणाल्या. "पंचमीला बाया येतील. काठावर उभं ऱ्हाऊन त्यांना ते नाव वाचता आलं, तर तळं तुमचं. न्हाईतर दुसऱ्या दिवशी ट्रॉलीभर माती आणून बुजवायचं."

वाचणार कोण, तेही त्यांनी ठरवून टाकलं. समोरच्या घरातल्या तानुबाई. तानुबाईंचा मोतीबिंदू नुकताच काढला होता आणि तेव्हापासून त्या जे दिसेल ते वाचत सुटल्या होत्या. एस्टीची पाटी स्टँडाच्या बाहेरून, पुड्यावरची तारीख दुकानाच्या पायरीवरून. अशी बाई खोटं वाचणार नाही, हे आप्पासोंनाही कबूल करावं लागलं.

मोबाईलवरच्या गोऱ्यानं ह्यावरही उपाय सांगून ठेवला होता. त्याला तो बॉग फिल्टर म्हणायचा. आप्पासोंनी गल्लीला समजेल असं त्याचं नाव ठेवलं, झाडांची गाळणी. तळ्याच्या शेजारी फूटभर उंचीवर विटांचा एक हौद बांधला. त्याच्या बुडाशी भोकं पाडलेले पाइप, त्यावर मोठे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर बारीक खडी. तळ्यातला पंप गढूळ पाणी ढकलून हौदाच्या बुडाशी सोडणार, ते खडीतून वर चढणार आणि काठावरून परत तळ्यात पडणार. खडीत झाडं लावायची, माती अजिबात नाही. माशांची जी काही घाण पाण्यात असेल ती मुळांनी खायची. शेवाळाला खायला उरलं नाही की शेवाळ उपाशी मरतं आणि पाणी नितळतं. झाडंही त्यांनी फुकटात जमवली. ओढ्याचं पाणकणीस, मोरीमागचं अळू, शाळेच्या कुंपणाची कर्दळ, वैद्याकडचं वेखंड. मुळं तीनतीनदा धुतली, मातीचा कण ठेवला नाही.

हाताखाली होता सोपान, तानुबाईंचा नवरा. एकरी ऐंशी टन ऊस काढणारा गडी, कामाला वाघ. आप्पासोंनी त्याला सगळं नीट समजावलं, पलटणीतल्यासारखं, दोन दोन वेळा. सोपाननं मान डोलावली. एवढंच म्हणाला की झाडं बारीक दिसतात.

जूनच्या मध्याला चमत्कार झाला. आधी मासे दिसायला लागले, मग कमळाचे देठ, मग ताटलीची कड. आप्पासो सकाळी उठून आधी तळ्यावर जायचे, चहासुद्धा तिथंच. बनुबाईही येताजाता डोकवायच्या, पण बघत नाही असं दाखवून. हौदातलं अळू माजलं तसं त्यांनी पानं खुडून वड्या केल्या आणि डबाभर तानुबाईंना धाडल्या. डबा परत आला तो शेंगदाण्याची चटणी भरून, कारण आमच्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत. रिकामं भांडं दारात आलं की बाई नाव ठेवते, आणि ते नाव जन्मभर टिकतं.

आणि मग जुलैत पाणी पुन्हा हिरवं झालं. चार दिवसांत ताटली गेली, देठ गेले, मासे परत विश्वासावर. आप्पासोंनी पंप खोलला, पाइप धुतले, खडी उपसून परत भरली. पाणी जरा निवळलं, की आठवड्यानं परत हिरवं. पंचमी तीन आठवड्यांवर आली. जेवण जाईना. ज्या माणसानं डोंगरावर पाणी चढवलं त्याला परसातलं डबकं ऐकेना, ह्याची त्यांना मनापासून लाज वाटायला लागली. आणि तेवढीच भीतीही, कारण तळं बुजलं तर उद्यापासून सकाळी उठून करायचं काय?

शेवटी एका सकाळी ते जरा लवकर उठले, तर हौदापाशी सोपान. हातात युरियाचा डबा. कर्दळीच्या बुडाशी चिमटी चिमटी सोडत होता, बाळाला गुटी द्यावी तसा.

आप्पासो कडाडले. सोपान बिलकूल ओशाळला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. झाड लावलं, पाणी दिलं आणि डोस दिला नाही, असं त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

"सुभेदार, तुमी काय बी म्हणा, उपाशी झाड माझ्यानं बघवत न्हाई."

अहो, खत झाडाला मिळत होतं तसं पाण्यालाही मिळत होतं, आणि शेवाळ आयतं मेजवानी झोडत होतं. आप्पासोंनी हे तिसऱ्यांदा समजावलं. सोपाननं तिसऱ्यांदा मान डोलावली. तेव्हा आप्पासोंनी त्याला मारुतीच्या देवळात नेऊन नारळावर हात ठेवायला लावला, की पंचमीपर्यंत ह्या हौदाजवळ कसलाही डबा घेऊन येणार नाही. सोपाननं शपथ पाळली, पण तो परसातून जाताना कर्दळीकडं बघायचा नाही. तोंड फिरवून जायचा.

निम्मं पाणी बदललं. पंप रात्रंदिवस चालला. बनुबाईंनी दर दोन दिवसांनी अळू खुडलं. गोरा सांगत होता की पानं काढली म्हणजे घाण बाहेर गेली. गल्लीला ते माहीत नव्हतं, पण वड्या सगळ्यांनी खाल्ल्या. आणि पाणी नितळत गेलं.

पंचमीच्या सकाळी आप्पासोंनी दाढी केली, इस्त्रीची पांढरी पँट-बुशकोट चढवला आणि तळ्याच्या काठावर आले. पाणी आहे की नाही असा प्रश्न पडावा, इतकं स्वच्छ. काठापासून हातभर अंतरावर ताटली, तिच्यावरची अक्षरं ठसठशीत. सुभेदारांचा ऊर भरून आला. सात महिन्यांची मेहनत होती. ते वाकले आणि त्यांनी पहिल्यांदाच ती अक्षरं वाचली.

'सौ. तानुबाईस आईकडून भेट.'

आता ह्या ताटलीची कथा गल्लीत शेंबड्या पोरालाही पाठ. तानुबाईंच्या आईनं मरायच्या आदल्या वर्षी लेकीला सहा ताटल्या दिल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्यातली एक कुणाकडं तरी पुरणपोळ्या घेऊन गेली ती आलीच नाही. तानुबाईंनी घरोघर विचारलं. बनुबाईंकडं जरा जास्तच विचारलं. तेव्हा बनुबाईंनी ह्याच परसात, सगळ्या बायांच्या देखत शिराळ्याच्या नागोबाची शपथ घेतली होती, की तुझी ताटली माझ्या घरात नाही. त्यांना तसंच वाटत होतं, बिचाऱ्यांना. चष्मा लावायचा नाही हा एक हट्ट, आणि बरणीवरचं झाकण कोण वाचतं?

आणि आज नागपंचमी. बाया येणार, तानुबाई वाचणार, तळं राहणार. आणि बनुबाई नागोबाच्याच दिवशी, नागोबाच्या शपथेवर, अख्ख्या गल्लीसमोर खोट्या पडणार. आप्पासोंना अठ्ठावीस वर्षांत गोळीची भीती वाटली नव्हती, ती आता वाटली. तळं गेलं तर दुःख होतं. पण ज्या बाईनं अठ्ठावीस वर्षं एकटीनं ह्या गल्लीत मान ताठ ठेवून संसार केला, तिची मान त्यांच्या तळ्यापायी खाली जावी, हे त्यांना सोसणार नव्हतं.

त्यांनी काठी घेऊन ताटली ओढायला पाहिली. ती निसटली आणि गुळगुळीत कागदावरून घसरत पार मधोमध गेली. तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या. युरिया टाकावा तर पाणी हिरवं व्हायला चार दिवस. सुभेदारांनी देवाचं नाव घेतलं आणि इस्त्रीच्या कपड्यांसकट तळ्यात उडी मारली.

बाया आत आल्या तेव्हा सुभेदार ताटली मांडीखाली दाबून गळ्यापर्यंत पाण्यात मांडी घालून बसले होते आणि दोन्ही हातांनी तळाचा गाळ ढवळत होते. बनुबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. काय चाललंय म्हणून विचारलं, तर तळाची तपासणी चालू आहे, असं सुभेदारांनी हुकमी आवाजात सांगितलं. किती वेळ चालेल? तर सांगता येत नाही.

बाया थांबतात होय? सणाचा दिवस. उरलेल्या जागेत त्यांनी फेर धरला, गाणी सुरू झाली. फेर तळ्याला वळसा घालूनच फिरायला लागला, कारण दुसरीकडं जागाच नव्हती. अशा रीतीनं सुभेदार आप्पासो आयुष्यात पहिल्यांदा पंचमीच्या फेराच्या मधोमध बसले, डोक्यावर कमळाचं पान, मानेभोवती आठ मासे. दर फेरीला कुणी ना कुणी फिस्सकन हसायचीच. भिंतीपलीकडून सोपान टाचा उंचावून बघत होता.

पण आपल्या हातचं कामच त्यांना नडलं. पंप चालू, गाळणी चालू, आणि हात दुखून आल्यावर ढवळणं बंद. तासाभरात गाळ खाली बसला आणि पाणी परत नितळलं. आधी गुडघे दिसले. मग बुशकोटाची बटणं. मग सुभेदारांच्या डाव्या मांडीखालून ताटलीची कड, आणि कडेजवळची अक्षरं: 'आईकडून भेट'.

नेमक्या त्याच वेळी तानुबाई फेरातून बाजूला झाल्या आणि काठावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा पाण्यात पाहिलं. मग त्यांनी आप्पासोंकडं पाहिलं. आप्पासोंनी हात जोडले, पाण्याखाली, पण नितळ पाण्यात तेही स्वच्छ दिसले.

फेर थांबला. बनुबाईंनी विचारलं, काय दिसतंय का?

"दिसतंय की," तानुबाई म्हणाल्या. "तुझंच नाव हाय, बने. 'बनुबाई' लिव्हलंय. ऱ्हाऊ दे तळं भावजींचं, पाणी लय झ्याक झालंय."

सगळ्या बायांनी मान डोलावली, कारण तानुबाई खोटं वाचत नाहीत. बनुबाई पदरात तोंड लपवून हसल्या, आणि तळं राहिलं. सुभेदार मात्र शेवटची बाई दाराबाहेर जाईपर्यंत उठले नाहीत. मग उठले, ताटली काढली आणि बनुबाईंच्या हातात दिली. बनुबाईंनी ती डोळ्यांपासून दूर धरली, जवळ आणली, परत दूर धरली. वाचल्यावर काठावरच बसल्या. अकरा वर्षांपूर्वीचं त्यांना लख्ख आठवलं. पोळ्या खाऊन ताटली धुतली होती, रिकामी कशी द्यायची म्हणून काहीतरी चांगलं केल्यावर देऊ असं ठरवलं होतं, आणि तोवर म्हणून बरणीवर ठेवली होती. त्या रडायला लागल्या. आप्पासोही जवळ बसले, त्यांच्या कपड्यांचं पाणी निथळत होतं.

पंचमीला चिरायचं, तळायचं नसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बनुबाईंनी हौदातलं सगळ्यात कोवळं अळू काढलं, वड्या तळल्या, ताटली शिगोशीग भरली आणि चष्मा लावून समोरच्या दारात गेल्या. मागं आप्पासो, शिंकत. बनुबाईंनी ताटली पुढं केली, पण अकरा वर्षांचं एका वाक्यात सांगायचं कसं?

तानुबाईंनी वड्या काढून घेतल्या, ताटली पदरानं पुसली आणि त्यावरच्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग बनुबाईंना थांबायला सांगून त्या आत गेल्या. आत बराच वेळ डबे सरकवल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा हातात झाकणाचं एक पितळी पातेलं होतं, आणि त्याच्या पोटावर ठसठशीत कोरलं होतं, 'सौ. बनुबाई आप्पासो'.

"मोतीबिंदू काढल्यावर वाचलं," तानुबाई खाली बघत म्हणाल्या. "तवापास्नं रोज इचार करतीया, ह्यात भरून द्याया काय करावं."