कॉरिडॉरमधला प्रिंटर

आमोदला कॉलेजात सगळे सर म्हणत, पण तो शिकवत काही नसे. कॉम्प्युटरांची व्यवस्था त्याच्याकडे, म्हणजे पासवर्ड त्याच्याकडे. आणि तो पासवर्ड त्याच्या डोक्यात गेला होता, लपवायचं कशाला! जो तो आपल्या टेबलावर हवा तो प्रिंटर जोडायचा आणि बिघडला की आमोदच्या नावाने शंख करायचा. या कटकटीला वैतागून त्याने जूनमध्ये सगळ्यांचे प्रिंटर उचलून स्टोअररूममध्ये टाकले. यापुढे छपाई कॉरिडॉरमधल्या एकाच मोठ्या मशीनवर.

बाकीचे कुरकुरले नि गप्प बसले. हेडक्लार्क मच्छिंद्रराव मात्र तीनदा आले. माझा छोटा प्रिंटर तेवढा राहू द्या म्हणाले. का, ते काही सांगेनात.

"असं काय गुपित छापता हो, राव?" आमोद चारचौघांत म्हणाला. सगळे हसले. मच्छिंद्ररावही हसले आणि पुन्हा आले नाहीत.

मशीनवर बेवारस कागद साचू लागले, तेव्हा आमोदने शक्कल काढली. कागद उचलायचा आणि नाटकी हेल काढून वाचायचा, की मालक ओशाळून धावत येई. त्या मंगळवारी चहाच्या वेळी त्याने असाच एक कागद उचलला आणि खालची सही न बघताच सुरू केलं, "प्राचार्य महोदय, येरवडा कारागृहात माझ्या मुलाला भेटण्यासाठी उद्या अर्धा दिवस रजा..."

मग त्याची नजर खालच्या सहीवर गेली. मच्छिंद्ररावांचा मुलगा नाशकात नोकरीला असतो, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. दुखऱ्या गुडघ्यांनी घाई करत ते येतच होते. ते सगळ्यांच्या मधून चालत आले, कागद घेतला, नीट घडी घातली. या वेळी कुणी हसलं नाही.

दोन दिवस आमोदच्या कानात स्वतःचाच तो हेल वाजत राहिला. लाजेने त्याला कुणाकडे मान वर करून बघवेना. गुरुवारी सकाळी त्याने स्टोअररूममधून तो छोटा प्रिंटर काढला, पुसला आणि मच्छिंद्ररावांच्या टेबलाखाली शिरून वायर जोडू लागला. माफी मागायची होती, पण आधी वायर जोडून घेऊ, असं त्याने ठरवलं.

वरून मच्छिंद्ररावांचा आवाज आला, अगदी शांत. "राहू द्या, सर. आता तिकडंच छापतो. लपवायला काय राहिलं हाय?"

आमोदला टेबलाखालून बाहेर यायचं धाडस होईना.