तृणानंद बुवांचं अमर गवत

अख्खं डिंगोरे गाव झुंबरबाईच्या वावरात लोटलं होतं. वावरभर गाजरगवत! तणनाशक मारून मारून तिच्या नवऱ्याचे, हौशीरामचे खांदे गळाले, तरी पांढरी फुलं मिरवत गवत आपलं उभंच. त्याच गवताची जाड माळ गळ्यात घालून तृणानंद बुवा गरजले, "विषाला न भिणारं हे साक्षात देवाचं गवत! उपटील त्याचा कांदा साठवणीच्या चाळीत सडेल!"

आता आली का पंचाईत! कांद्याची रोपं लागणीला आलेली, जून झाली की वाया. आणि बुवांच्या शब्दाला भिऊन हौशीराम खुरप्याला हात लावू देईना.

"मग सालभर खायचं काय, गवत?" झुंबरबाई करवादली.

"श्रद्धा ठेव, माउली!" बुवा म्हणाले. माउलीचा जीव मात्र रोपांपायी तीळतीळ तुटत होता.

शेवटी तिनं ओतूरहून भाचीला बोलावलं. तेजस्विनी तिथं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिनं एका डब्यात वावरातलं गवत लावलं, दुसऱ्यात माळावरचं, जिथं कधी फवारा गेलेला नाही. दोन्हींवर बुवांच्याच हातानं हौशीरामचंच तणनाशकाचं औषध मारून घेतलं. आठवड्यानं गाव पुन्हा जमलं, तर माळावरच्यानं मान टाकलेली, वावरातलं ताठ!

"बघा, वावरातच देव!" बुवा खूश.

"मावशी, बी कुठल्या कांद्याचं धरतेस?" तेजस्विनीनं विचारलं.

"चाळीत टिकतो त्याचंच की. सडका कोण धरतंय?"

"गवताचंही तेच झालंय. तुम्ही दर साली एकच औषध मारता. एखाद्याच झाडात ते सोसायचा गुण जन्मजात असतो. बाकीची मेली, ते जगलं, फुललं. तोच गुण बियांतून वावरभर पसरला."

"अगं बया! म्हंजे आमीच गवताचं निवडक बियाणं केलं व्हय?"

तेवढ्यात बुवा मान खाजवत थयथय नाचू लागले.

"अंगात आलं!" म्हणत बुवांचा चेला भिका नारळ घेऊन धावला.

"देव न्हाई रं, खाज हाये! आधी माळ काढा!" बुवा किंचाळले.

"गाजरगवतानं लई जणांना होतं असं," तेजस्विनी म्हणाली. हसून हसून गर्दीची पुरेवाट झाली.

हौशीराम तरी चाचरलाच, "पण कांदा सडला तर?"

"पावसानं सडंल, न्हाईतर ओला भरला म्हणून सडंल. गवत काय रुसतंय!" झुंबरबाईनं नाकाला पदर बांधला, हातांत पिशव्या घातल्या आणि पहिलं झाड मुळासकट उपटलं. तिचं बघून हौशीरामही वाकला.

बाबांनो, कुणी चमत्कार दाखवला तर नारळ फोडण्याआधी 'हे झालं कसं?' एवढं विचारा. या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्या मागं जाऊ नका.