मधल्या सीटवरचा पाहुणा

थांब बे, मधात बोलू नको, आधी आयक. आपला हर्षल हाये ना, धाडचा, शाळेची बस चालवते तो, पोरगी पाहाले गेल्ता धामणगाव बढ्याले. संग त्याचा भागवतकाका. बुलढाण्यावरून एसटीनंच जाणार होते, पण पोरीचा बाप पुंजाजी तिथंच ढोरायच्या ढेपीचे पोते भरून राह्यला होता. म्हणे, "एसटी काऊन? आपली पिकअप हाये ना. बसा पाहुणे!"

आता पिकअपची समोरची सीट तुले माहीत हाये. उजवीकडं पुंजाजी, डावीकडं भागवतकाका, म्हणजे तब्येतीनं दीड माणूस, अन् मधात हर्षल. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, अन् दोन गुडघ्यायच्या मधात गिअरचा दांडा. श्वास घ्याचा तरी काकाले विचारून घ्या लागे.

राजूर घाटाचा उतार लागला अन् पुंजाजीनं दांडा ओढून गाडी न्यूट्रल केली. "उताराले डिझेल काऊन जाळाचं?"

हर्षलनं मांगं-समोर पाह्यलं. मांगं वीस पोते, समोर वळणावर वळण, अन् गाडी मोकळी! तो सोता लेकरं घेऊन निघते तं वळण यायच्या आधीच दुसऱ्या गिअरमंधी येते, हॉर्न देते, आपली डावी बाजू सोडत नाई. त्यानं हळूच म्हटलं, "मामाजी, गिअरमंधी राहू दिली असती तं..."

पुंजाजी हासला. "लेकरायची बस वेगळी अन् हा घाट वेगळा, पाहुणे. वीस वर्सं झाले मले."

इकडून काकाचं कोपर बरगडीत. कानात म्हणे, "गप बस ना बे! सहा महिन्यात हे पहिलं स्थळ हाये ज्यायनं सोताहून बोलावलं."

अन् हर्षल गप बसला. कारण मयुरी, पुंजाजीची पोरगी. फोनवर दहाच मिनिटं बोलली होती ती, पण हा गडी तवापासून गेलेला.

पहिल्या वळणाले तो काकाच्या पोटावर, दुसऱ्याले पुंजाजीच्या खांद्यावर. पुंजाजीचा पाय ब्रेकवरून उठेच ना. मंग वास आला, जळका. हर्षलनं वळखला. ब्रेक तापले होते. बोलावं तं सोयरीक जाते, न बोलावं तं तिघंही दरीत. उतरावं म्हटलं तं दरवाजा काकाच्या मांगं!

तिसरं वळण. समोरून एसटी वर येऊन राह्यली. पुंजाजीनं ब्रेक दाबला, पाय पार तळाले गेला, गाडी तशीच. त्याचं तोंड पांढरं फट.

"मामाजी, क्लच दाबा!"

हर्षल असा ओरडला का पुंजाजीचा पाय आपोआप दबला. यानं दांडा तिसऱ्यात घातला. "सोडा!" इंजिन असं बोंबललं म्हणतो! "पुन्हा दाबा!" दुसरा घातला. मांगचे पोते केबिनवर आदळले. "डावीकडं, डावीकडं घ्या!" एसटी वीतभर अंतरावरून गेली, अन् तिच्या डायव्हरनं पुंजाजीच्या खानदानाची आठवण काढली.

खाली सपाटीले गाडी थांबली. चाकातून धूर. पुंजाजीनं टोपी काढून तोंड पुसलं. म्हणे, "घरी काई बोलू नका."

संपलं वाटलं? नाई बे, खरी गंमत तं पुढं हाये.

घरी बैठक भरलेली, सारे भाऊबंद. मयुरी पोहे घेऊन आली. हर्षलच्या हातात प्लेट देली अन् तिथंच उभी राह्यली. साऱ्यायसमोर विचारते कशी, "बाबानं घाटात गाडी न्यूट्रल केली होती का?"

साऱ्यायच्या माना पुंजाजीकडं.

"मी सांगून थकली," मयुरी म्हणे, "माह्यं आयकत नाईत. उद्या आईले घेऊन बुलढाण्याले जातील, अन् येताना तोच उतार. तुम्ही डायव्हर आहा. तुम्ही सांगा, खरं काय ते."

इकडून काकाचं कोपर बरगडीत. समोर पुंजाजी, टोपी हातात, नजर याच्यावर. "नाई" म्हणावं तं सोयरीक जमते, अन् उद्या त्या मधल्या सीटवर तिची माय. "हो" म्हणावं तं भरल्या बैठकीत सासऱ्याची इज्जत गेली, सोयरीकही गेली. अन् ते पोरगी हालतच नाई समोरून. पोह्याचा चमचा याच्या हातात तसाच.

आता तू सांग बे. तू काय बोलला असता?