रुमालाने धरलेली मूठ

मित्रांनो, मी दाराची एक जुनी मूठ आहे. व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेत चाळीस वर्षे माझ्या परवानगीशिवाय एकही माणूस डब्याबाहेर पडला नाही. म्हणजे डब्याच्या एका बाजूला तीन दारे, दर दाराला दोन मुठी, आणि त्यांतल्या एका मुठीपुरते हे खरे आहे.

मला घडवणाऱ्याने आत चांगली ताठ स्प्रिंग बसवली. गाडी थांबत आली की दाराशी उभा असेल त्याने मला हिसका द्यायचा आणि सगळ्यांसाठी दार उघडायचे, अशी शहराची रीत होती. शाळकरी पोरे दोन हातांनी लोंबकळत. "हिला मस्का चालत नाही, हिसका लागतो," असे लोक म्हणत. मला ती स्तुती वाटे.

पुढे बटणाच्या दारांच्या गाड्या आल्या. लोकांच्या मनगटातला जोर गेला, माझ्या वाट्याचे तेलही आटले. मी चिडकी झाले. हे सबब म्हणून सांगत नाही. थोडेसे सबब म्हणूनही सांगते.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी दाराशी फ्राउ हॉफराट झायलिंगर उभ्या होत्या. फ्राउ म्हणजे बाई, आणि हॉफराट ही सरकारी पदवी त्यांच्या नवऱ्याची. नवरा गेला, पदवी घरात राहिली. दोन्ही हातांत खसखशीच्या श्ट्रुडेलचा, म्हणजे भाजलेल्या गोड गुंडाळीचा, डबा. शेजारी हेर, म्हणजे श्रीयुत, इंजेनियर वॉन्ड्राचेक, त्यांच्याच इमारतीतले.

"भाऊ कायमचा इन्सब्रुकला चाललाय हो," बाई सांगत होत्या. "आईच्या शिवणयंत्रावरून आठ वर्षं आम्ही बोललो नाही. पश्चिम स्थानकावर त्याची गाडी सुटायच्या आत त्याला भेटायचंय."

पश्चिम स्थानक आले.

"आधी आपण, फ्राउ हॉफराट."

"छे छे, आधी आपण, हेर इंजेनियर."

"बाईमाणसाआधी उतरणं माझ्या आईला आवडलं नसतं."

"अहो, दार तरी उघडाल का? माझे हात अडकलेत!"

तेव्हा हेर इंजेनियरनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला, मला पुसले, आणि दोन बोटांत धरून ओढले. जणू मी मेलेला उंदीर.

मित्रांनो, मी उघडू शकले असते. इतक्या वर्षांत स्प्रिंग पुष्कळ सैलावली होती. पण मी हलले नाही. रुमाल मला लागला.

"हिसका द्या की, राजे!" मागून कुणीतरी ओरडले. "काय तिची नाडी बघताय?"

दुसऱ्या मुठीपुढे बाबागाडी अडकली होती. शिट्टी झाली, गाडी सुटली. बाईंनी डबा सावरला आणि मागे पडणारा फलाट काचेतून पाहिला. पुढल्या स्थानकावर मी पहिल्याच स्पर्शाला उघडले. त्याचा आता काय उपयोग? भाऊ गेला असणार, बहीण आलीच नाही असे समजून.

तेव्हापासून कुणीही, कसेही ओढले तरी मी लगेच उघडत असे. लोकांना वाटले, मूठ बिघडली.

वसंतात ती दोघे पुन्हा माझ्यापाशी उभी राहिली.

"माझ्यामुळे तुमची भेट चुकली," हेर इंजेनियर खाली मान घालून म्हणाले.

"तुमच्यामुळे कसली? भावानं, ओटोकारनं, पत्रात स्थानकाचं नाव लिहिलं होतं. मी ते वाचलंच नाही. पश्चिमेची गाडी पश्चिम स्थानकावरून, साठ वर्षं तेच! त्या गाड्या दोन वर्षांपूर्वीच मुख्य स्थानकावर नेल्या म्हणे."

"मग तो आता बोलतो?"

"माझ्या पत्राला उत्तर नाही."

आता मी डेपोच्या फळीवर पडून आहे. मुलांनो, जुन्या मुठींना वेळच्या वेळी तेल घाला. आणि तुम्हाला कुणी रुमालाने धरले, तर आधी दार उघडा, मग रुसा. मी तसे केले असते, तर बाई वेळेवर उतरून भलत्याच स्थानकावर डबा घेऊन उभ्या राहिल्या असत्या, हे मला कळते. तरी रुसले मीच होते.

ओटोकारची गाडी त्या दिवशी मुख्य स्थानकाच्या आठ नंबरच्या फलाटावरून वेळेवर सुटली.