बाळांच्या खोलीबाहेरचा तापमापक

मित्रांनो, माझ्याजवळ येताना आधी श्वास रोखा. मी एक जुना तापमापक आहे, आणि तुमच्या उच्छ्वासानेही माझा पारा चढतो.

एका काच कारागिराने भट्टीपाशी घाम गाळत माझी नळी ओढली. त्याची माझी पुन्हा भेट नाही. प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात, बाळांच्या खोलीबाहेर मला टांगले, त्याला आता एकतीस वर्षे झाली. रोज दुपारी दोनला मोठ्या सिस्टर यायच्या, श्वास रोखून आकडा बघायच्या आणि निळ्या वहीत लिहायच्या. मला त्या लाडाने ‘साहेब’ म्हणत. मी थोडा शेफारलो होतो, हे कबूल करतो.

आमचे गाव थंड हवेचे; माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात पारा छत्तीसवर गेला, तेव्हा केवढी धावपळ झाली! खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या, मलूल पडलेल्या बाळांना चमच्याने दूध पाजले. पुढे छत्तीसचे कुणाला काही वाटेनासे झाले. अडतीस झाले, एकोणचाळीसही झाले. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. माझ्यावर धूळ साचू लागली, पण वही त्यांच्या लेकीने, धाकट्या सिस्टरनी, चालू ठेवली. बाळांच्या खोलीच्या पत्र्यावर ऊन अडवणारे दुसरे छप्पर हवे, असा हट्टही त्यांनीच धरला होता.

मग लागोपाठ दोन उन्हाळे जरा सौम्य गेले. मोठे डॉक्टर भला माणूस, पण कामाच्या रगाड्यात बुडालेला. घाईघाईने माझ्याकडे बघून ते म्हणाले, पारा तर उतरतोय, छपराचं राहू द्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी खोटे बोललो नव्हतो. पण मला फक्त आजचेच बोलता येते, आणि माझ्या अर्ध्या साक्षीवर बाळांचे छप्पर अडले होते.

धाकट्या सिस्टर आईला घेऊन आल्या. मोठ्या सिस्टरनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

“डॉक्टर, सर्दी झाली की बाळाचं वजन शे-दोनशे ग्रॅम उतरतं. म्हणून बाळ लहान होत चाललंय, असं म्हणतो का आपण?”

डॉक्टर हसले. सिस्टरनी माझ्या तिसऱ्या उन्हाळ्याचे पान यंदाच्या पानाशेजारी ठेवले. सर्वांत तापलेल्या दुपारचा आकडा दोन्हीकडे एकच होता, छत्तीस.

“तेव्हा आपण याला कहर म्हणालो होतो,” त्या हळूच म्हणाल्या. “आज यालाच गारवा म्हणतोय.”

डॉक्टरांचे हसू मावळले. मधली पाने त्यांनी एकेक करून चाळली. आकडे खाली-वर होत होत एकूण चढतच गेले होते. त्याच आठवड्यात छपराचे काम सुरू झाले.

पुढच्या उन्हाळ्यात मी चाळीसवर गेलो. माझा मलाच धसका बसला. आत मात्र बाळे शांत झोपली होती.

मित्रांनो, गार दिवस आला तर खुशाल सुखावा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. माझी काच पुसा, आणि त्याहून माझ्या वह्या जपा. हल्ली दुपारी दोनला मोठे डॉक्टर स्वतः येतात. श्वास रोखतात, आकडा लिहितात, आणि वही मिटण्याआधी मागची पाने उलटून बघतात.